जांभळ्या दाण्याचं माहेर

मॅडम आधी चिमूटभर रेती तळहातावर पसरायच्या. मग गळ्यातल्या काळ्या गोफाला अडकवलेलं भिंग डोळ्याशी न्यायच्या, दुसरा डोळा मिटायच्या, मान जराशी वाकडी करायच्या आणि त्या रेतीला विचारायच्या, "कुठली गं तू?"

हे कुठेही व्हायचं. गोंदियात तेव्हा गल्लोगल्ली घरं उठत होती आणि प्रत्येक नव्या घरासमोर रेतीचा ढीग पडलेला असायचा. अशा ढिगासमोर मॅडमची स्कूटी आपोआप थांबायची. एकदा एका घरमालकाने त्यांना ढिगाजवळ उकिडवं बसलेलं पाहिलं आणि तो आतून कागद फडकवत धावत आला. "मॅडम, रॉयल्टी की पर्ची है अपने पास. देख लो आप. एक नंबर का काम है."

"पर्ची राहू द्या हो," मॅडम मान वर न करता म्हणाल्या. "ट्रक कोणत्या घाटावरून आला ते सांगा."

घरमालक आणखीच घाबरला. त्याने चहा मागवला, खुर्ची मागवली, थोरल्या मुलाला बोलावून घेतलं. मी स्कूटीच्या मागच्या सीटवर बसून होतो. अशा प्रसंगी खुलासा करण्याचं काम माझं. "साहेब, या तहसीलच्या नाहीत. कॉलेजच्या आहेत." त्यावर त्या गृहस्थांनी विचारलं, "फिर रेती से क्या लेना?" मी चहाचा कप उचलला. या प्रश्नाचं उत्तर यायला मला बरीच वर्षं लागली.

मी १९९९ साली त्यांच्या भूगर्भशास्त्र विभागात प्रयोगशाळा सहायक म्हणून लागलो. शिक्षण बी.कॉम. जागा रिकामी होती, मी बत्तीस वर्षांचा होतो आणि घरी दोन मुली होत्या. दगड म्हणजे दगड, यापलीकडे मला काही कळत नव्हतं. पहिल्याच दिवशी मॅडमनी माझ्या दोन्ही हातांवर एकेक काळा दगड ठेवला.

"काय फरक आहे, भाऊ?"

"उजवा जड आहे."

"झालं. पास झाले तुम्ही. बाकीचं मी शिकवते."

त्या तेव्हा चाळिशी ओलांडलेल्या होत्या. दवनीवाड्याच्या एका पोवार शेतकऱ्याची मुलगी. घरी धानाची शेती, भाऊ ती करायचा. लग्न केलं नव्हतं. का, ते कुणी विचारलं नाही आणि विचारलं असतं तर त्यांनी बहुधा चाळणी हातात देऊन "जरा हलवा" म्हटलं असतं. नागपूरला शिकायला गेल्या तेव्हा वडिलांना वाटलं होतं की मुलगी भूगोल शिकते आहे, पुढे मास्तरीण होईल. पहिल्या सुट्टीत मुलगी हातोडा घेऊन घरी आली आणि विहिरीवरच्या कपडे धुण्याच्या दगडाचा कोपरा उडवून आत काय आहे ते पाहू लागली. वडील म्हणाले, "गोटेच फोडाचे होते तं नागपूरले कायले गेली होतीस?" ही गोष्ट मॅडम दर वर्षी पहिल्या तासाला नव्या मुलांना सांगायच्या आणि स्वतःच सगळ्यांच्या आधी हसायच्या.

त्यांचं एक वाक्य सगळ्या कॉलेजात माहीत होतं. "दाण्याला विचारू." विभागात कशावरून वाद झाला, एखाद्या पोराने पुस्तकात असं लिहिलं आहे म्हणून हट्ट धरला, की त्या सूक्ष्मदर्शकाकडे बोट दाखवायच्या. "आपण कायले भांडायचं? दाण्याला विचारू." कँटीनच्या भाताची शितंसुद्धा त्या बोटावर घेऊन बघायच्या आणि कँटीनवाल्याला सांगायच्या, "हा आपल्या इकडचा नाही." धानाच्या मुलखात वाढलेली बाई. कँटीनवाला कधी नाही म्हणाला नाही.

या सगळ्याची सुरुवात एका जेवणाच्या डब्यातून झाली.

मी लागल्याच्या पुढल्याच हिवाळ्यात विभागाची सहल आंध्रच्या किनाऱ्यावर गेली. गोदावरी समुद्राला मिळते त्या भागात. पोरं पाण्यात शिरली. मॅडम मात्र कोरड्या रेतीवर गुडघे टेकून बसल्या. पांढऱ्या किनाऱ्यावर काळे पट्टे होते, काजळाचं बोट ओढल्यासारखे. मॅडमनी डब्यातल्या पोळ्या मला देऊन टाकल्या, डबा पदराने पुसला आणि काळ्या रेतीने काठोकाठ भरला.

परतीच्या गाडीत त्या तासातासाने डबा उघडायच्या, चिमूट घ्यायच्या, भिंगातून बघायच्या, पुन्हा झाकण लावायच्या. समोरच्या बाकावरच्या तेलुगू बाई हे सगळं निरखत होत्या. शेवटी त्यांना राहवलं नाही. त्यांनी आपला डबा उघडला, केळीच्या पानावर भात आणि लोणचं वाढलं आणि काही न बोलता मॅडमच्या पुढ्यात ठेवलं. मॅडमनी मुकाट्याने खाल्लं. मला म्हणाल्या, "त्यांना वाटलं मी रेती खाते."

समुद्रावरचे ते काळे पट्टे लाटांनी घडवलेले असतात, हे मला मॅडमनी शिकवलं. हलके पांढरे दाणे लाट ओढून नेते, जड दाणे मागे राहतात. हे जड दाणे समुद्राचे नसतात. कुठल्या तरी डोंगरातला खडक झिजतो, दाणे नाल्यात उतरतात, नाल्यातून नदीत आणि नदीतून समुद्रात. प्रयोगशाळेत मी ती रेती धुतली, चाळली, चुंबक फिरवून लोखंडाचे दाणे वेगळे केले. मग ब्रोमोफॉर्म. हा दिसायला पाण्यासारखा पण भलता जड द्रव. त्यात रेती टाकली की पांढरे दाणे तरंगतात आणि जड दाणे बुडतात. वास गोडसर येतो, पण फार घ्यायचा नसतो. मॅडम खिडक्या उघडून मला बाहेर हाकलायच्या आणि स्वतः आत थांबायच्या.

बुडालेल्या दाण्यांत काही जांभळट होते. पिकलेल्या जांभळाचं पाणी पडल्यासारखा फिकट रंग. "झिरकॉन," मॅडम म्हणाल्या. "फार फार जुन्या खडकातल्या झिरकॉनला हा रंग चढतो. आणि जुने खडक कुठे आहेत, भाऊ?"

मी भिंतीवरच्या नकाशाकडे पाहिलं.

"आपण उभे आहोत तिथे."

आमगाव, देवरीकडचा खडक देशातल्या जुन्या खडकांपैकी आहे, हे मला तेव्हा कळलं. तिकडच्या जंगलातून बाघ नदी निघते, ती वैनगंगेला मिळते, वैनगंगा पुढे वर्धेला, आणि तिथून प्राणहिता होऊन गोदावरीला. मॅडमनी विभागातल्या भिंतीवरच्या नकाशावर ही वाट निळ्या पेन्सिलीने काढली. या वाटेने उलट जायचं आणि जांभळ्या दाण्याचा खडक शोधायचा, हा त्यांच्या पीएच.डी.चा विषय ठरला.

विद्यापीठातले त्यांचे मार्गदर्शक सज्जन होते, पण त्यांना हे पटत नव्हतं. "किनाऱ्याला लागूनच डोंगर आहेत. ते सोडून तुम्ही गोंदियापर्यंत कशाला जाता? आणि मधे धरणं आहेत."

"धरणं कालची आहेत, सर. किनारा जुना आहे."

"इतक्या लांबून दाणा टिकत नाही."

"दाण्याला विचारू," मॅडम म्हणाल्या. मी बाहेर बाकावर बसलो होतो. 

पद्धत सोपी होती, पाय तुटायचे तेवढे सोडून. जिथे दोन प्रवाह मिळतात तिथे दोन्हींची रेती घ्यायची. ज्या प्रवाहात जांभळे दाणे जास्त, त्या बाजूने वर जायचं. पुढच्या संगमावर पुन्हा तेच. रविवारी आणि सुट्टीत आम्ही एस.टी.ने निघायचो, पाठीवर पिशव्या, हातोडा, चाळण्या. आमची अडचण एकच होती. ओंजळभर जड दाण्यांसाठी पोतंभर रेती वाहून आणावी लागायची.

ही अडचण बाघ नदीच्या पात्रात सुटली. एका सकाळी एक बाई गुडघाभर पाण्यात वाकून काठवटीसारखं उथळ लाकडी पात्र गोल गोल हलवत होती. सोनझारी होती ती. नदीची रेती धुऊन त्यातून सोन्याचे कण काढणारी ही माणसं. पात्रात शेवटी काळी रेती उरली, तीत एखादा पिवळा ठिपका. तो तिने नखाने टिपला आणि काळी रेती नदीत भिरकावली. मॅडमच्या तोंडून "अगं!" असा आवाज निघाला, दूध उतू गेल्यावर निघतो तसा.

बाईने वळून पाहिलं. "काऊन वो बाई, पाळत ठेवून रायली का आमच्यावर?"

"नाही मावशी. पण ती काळी फेकून कायले देता?"

"सोना निघाला का काळीचं काम काय?"

"मला द्या."

"घे. टोपलंभर घे." मग तिने माझ्याकडे पाहिलं. "बाईचं डोकं बरोबर हाये ना?"

"आहे," मी म्हणालो. "पण नोकरीच अशी आहे."

मॅडमनी तिथेच साडी खोचली आणि पात्र हातात घेऊन शिकायला बसल्या. पहिल्या हिसक्याला सगळंच वाहून गेलं. दुसऱ्या वेळी मावशीने त्यांचं मनगट धरलं. "ढवळू नोको. नुस्ती हालव. पान्याले त्याचं काम करू दे." मॅडम एम.एस्सी.ला पहिल्या आल्या होत्या, पण असं ऐकून घेताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं.

मावशी मॅडमपेक्षा मोठी होती की लहान, दोघींनाही माहीत नव्हतं. पण तेव्हापासून ती आमची झाली. जिथे जिथे रेती धुवायला जाई तिथली काळी ती फडक्यात बांधून ठेवायची. लिहिता येत नव्हतं म्हणून गाठी मारायची. मोठ्या नदीची एक गाठ, झुडपाच्या नाल्याची दोन, मरीमायच्या नाल्याची तीन. मॅडमच्या वहीत तशीच नोंद असे: "नमुना सतरा. तीन गाठी. मावशी."

एकदा देवरीजवळ हमरस्त्यावर पोलिसांनी आमची बस थांबवली. भाग नक्षलग्रस्त, तपासणी नेहमीचीच होती. माझ्या पिशवीत निघाल्या काळ्या भुकटीच्या अकरा पुड्या, एक हातोडा, एक नाल चुंबक आणि लाल फुल्या मारलेला जंगलाचा नकाशा.

"हे काय आहे?" तरुण शिपायाने विचारलं.

"रेती."

"काळी?"

"हो."

"आणि फुल्या कशाच्या?"

 मॅडम शांतपणे खाली उतरल्या, बसच्या टपापर्यंत पोचेल एवढ्या आवाजात म्हणाल्या, "कागद आहे का कुणाकडे?" कंडक्टरने दिला. मॅडमनी कागदावर काळी रेती पसरली आणि खालून चुंबक फिरवलं. रेती केसांसारखी उभी राहिली, चालू लागली, वळली, पुन्हा झोपली. प्रवासी एकेक करून खाली उतरले. मॅडमनी तिथल्या तिथे अख्खा तास घेतला. डोंगर, नाला, नदी, समुद्र. शेवटी शिपाई अदबीने म्हणाला, "मॅडम, ते उभं करायचं पुन्हा एकदा दाखवा ना. आमचे साहेब येऊन राहिले." बस पाऊण तास उशिरा सुटली आणि कुणी कुरकुर केली नाही.

अशी सहा-सात वर्षं गेली. नकाशावरची निळी रेघ देवरीच्या जंगलापर्यंत चढली आणि एका छोट्या नाल्याशी येऊन थांबली. त्या नाल्यात जांभळे दाणे खच्चून होते. शिवाय ते टोकदार होते. समुद्रावरचे दाणे प्रवासाने घासून गोल झालेले, हे मात्र नुकतेच खडकातून सुटल्यासारखे. टोकदार दाणा म्हणजे खडक जवळच. मार्गदर्शकांनी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं आणि पहिल्यांदा म्हणाले, "मॅडम, मी चुकलो असेन." प्रबंध टंकायला गेला. चौथं प्रकरण त्या नाल्याचं होतं.

प्रबंधात मावशीचा फोटो हवा, असं मॅडमच्या मनात आलं. तो त्याच नाल्यात काढायचा म्हणून आम्ही तिला पहिल्यांदा तिथे घेऊन गेलो. मावशीने नवं लुगडं नेसलं होतं. तिने पात्र भरलं, हलवलं, काळी उरली. मी कॅमेरा सरसावला. पण मावशी काही वर बघेना. काळी रेती ती बोटाने पसरत होती.

"बाई, ही काळी जुनी नाई."

"म्हणजे?"

"नवी हाये. सडक झाली तवाची. जुनी काळी बोटाले मऊ लागते. ही टोचते."

मॅडम तिच्या शेजारी वाकल्या. त्यांनी बोट फिरवलं. मग सरळ उभ्या राहिल्या आणि नाल्याच्या वरच्या अंगाला पाहिलं. तीनशे-चारशे पावलांवर हमरस्त्याची मोरी होती. दोन-तीन वर्षांपूर्वी तिथे सडकेचं मोठं काम झालं होतं. गिट्टीचे उरलेले ढीग आणि क्रशरची चुरी अजून काठावर पडलेली होती आणि दर पावसात नाल्यात उतरत होती.

मॅडमनी मोरीच्या वरची रेती घेतली. चुरीही घेतली. आठवडाभर मी ते सगळं धुतलं, चाळलं. मोरीच्या वरच्या रेतीत एकही जांभळा दाणा नव्हता. चुरीत मूठभर होते. गिट्टी छत्तीसगडकडच्या खाणीतून आली होती, तिकडचं पाणी महानदीला जातं, गोदावरीला नाही. आपला नाला काही त्या दाण्याचं माहेर नव्हता. दाणा ट्रकमधून आला होता आणि क्रशरने त्याला टोकं दिली होती.

प्रयोगशाळेत आम्ही दोघंच होतो. आज लिहायला लाज वाटते, पण मी म्हणालो, "मॅडम, हे आपल्या तिघांनाच माहीत आहे. मावशी काही विद्यापीठात सांगायला जात नाही."

त्या रागावल्या नाहीत. सूक्ष्मदर्शकावर निळं कापड घालत म्हणाल्या, "आपल्याला माहीत आहे ना, भाऊ. मग झालं."

त्या उठून टंकलेखन करणाऱ्याच्या दुकानात गेल्या आणि काम थांबवायला सांगितलं. मार्गदर्शकांना पत्र लिहिलं. कॉलेजात बातमी पसरली. कुणी हळहळलं, कुणी "सात साल पानी में" म्हणून हसलं. मॅडम दोन दिवस रजेवर गेल्या, मग येऊन पूर्वीसारख्या शिकवू लागल्या. फक्त स्कूटी ढिगांसमोर थांबेनाशी झाली. रेतीचा ढीग दिसला की त्या समोर बघून निघून जायच्या. महिनाभर मी हे पाहिलं आणि मला ते सहन होईना.

महिन्याने मावशीच कॉलेजात आली. एवढ्या लांब ती कधी आली नव्हती. शिपायाने तिला अडवलं, तर त्याला म्हणाली, "रेतीवाल्या बाईले सांग, सोनझारीन आली." विभागात येऊन ती जमिनीवर बसली. मॅडमही खुर्ची सोडून खाली बसल्या.

"तुले जुनीच पायजे ना?" मावशी म्हणाली. "मंग माह्या सासूच्या नाल्यात पाहाची. लाल झाक मारते तेथची काळी. मी नवी नवरी होती तवा धुतली."

मॅडम तिच्याकडे बघतच राहिल्या. "मावशी, सात वर्षं झाली. हे आधी का नाही सांगितलं?"

"तू इचारलं कोठी? तू तं रेतीलेच इचारत जाते."

मॅडम हसायला लागल्या. हसता हसता त्यांनी भिंतीला डोकं टेकलं, डोळ्यांतून पाणी आलं, तरी हसणं थांबेना. मावशीला काय विनोद झाला ते कळलं नाही, पण तीही हसली. मी चहा आणायला गेलो आणि मुद्दाम उशिरा आलो.

मावशीच्या सासूचा नाला जंगलात, सडकेपासून दूर होता. तिथल्या काळीत जांभळे दाणे होते, पण थोडे, शोधावे लागतील असे. नाल्याच्या वरच्या टोकाला एक पाच-सहा घरांची वस्ती आणि तिच्यामागे जमिनीतून वर आलेली एक रुंद, गुळगुळीत खडकाची पाठ. त्यावर मोहाची फुलं वाळत घातली होती. मॅडमनी हातोडा काढला तेवढ्यात एक म्हातारबा काठी टेकत आले.

"आमचा गोटा काऊन फोडता?"

मॅडमनी हातोडा खाली ठेवला. "बाबा, समुद्रावर एक दाणा सापडला आहे. मी त्याचं माहेर शोधून राहिली. तुमच्या गोट्यात तो आहे का, एवढंच पाहायचं आहे."

म्हातारबांनी थोडा विचार केला. "मंग त्या कोपऱ्यातून घ्या. मधात नोको. मधात मोह वाळते."

मॅडमनी त्या कोपऱ्यातूनच घेतला. नारळाएवढे दोन तुकडे.

तो खडक मी लोखंडी खलात चार दिवस कुटला. चाळला, धुतला, चुंबक लावलं. ब्रोमोफॉर्मच्या तळाशी चिमूटभरही दाणे उतरले नाहीत. जे उतरले ते काचेवर घेतले. मॅडम तास घेत होत्या, म्हणून मीच आधी पाहिलं. डोळा पुसून पुन्हा लावला. पाच-सात दाणे होते. जांभळट. दोन्ही टोकांना निमुळते, कुणी घासलेले नाहीत, ट्रकने आणलेले नाहीत.

मॅडम आल्या. त्यांनी डोळा लावला. वर्गातली पोरं गेली, घंटा झाली, पुन्हा घंटा झाली. त्यांनी डोळा काढला नाही. मग बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "भाऊ, चहा सांगा. आणि खारी पण."

प्रबंध पुन्हा लिहिला. शेवटच्या प्रकरणात त्यांनी लिहिलं की किनाऱ्यावरचे बहुतेक जड दाणे जवळच्या डोंगरांतलेच आहेत. जांभळ्या दाण्यांपैकी काही मात्र देवरीकडच्या या खडकातून आलेले असावेत. मार्गदर्शक आता इतके उत्साहात होते की त्यांनी 'असावेत' खोडून 'आहेत' केलं. मॅडमनी 'आहेत' खोडून 'असावेत' केलं. पक्कं सांगायचं तर दाण्याचं वय काढावं लागतं, आणि तेवढं मोठं यंत्र आमच्या आवाक्यात नव्हतं. हा एक शब्द तीन वेळा इकडून तिकडे गेला. छापलं गेलं ते 'असावेत'.

डॉक्टरेट मिळाली तेव्हा निवृत्तीला थोडीच वर्षं उरली होती. त्यांनी दारावरची पाटी बदलली नाही. एकच मागणी केली. त्या वर्षीच्या सहलीला मावशीला न्यायचं.

प्राचार्यांनी नियम दाखवला. सहलीत विद्यार्थी, शिक्षक, कर्मचारी आणि आमंत्रित तज्ज्ञ. मॅडमनी यादीत मावशीचं नाव लिहिलं आणि पुढे पदनामाच्या रकान्यात 'रेतीतज्ज्ञ'. प्राचार्यांनी चष्म्यावरून पाहिलं. मॅडम म्हणाल्या, "माझ्या प्रबंधातली चूक विद्यापीठाला सापडली नाही, यांना सापडली." सही झाली.

मावशी गाडीत दोन दिवस खिडकीशी बसून होती. प्रत्येक पूल आला की विचारायची, "ही आपलीच का?" आणि मॅडम सांगायच्या, ही आपली, ही दुसरी.  समुद्र दिसल्यावर मात्र ती पोरांसारखी धावली नाही. काठाशी जाऊन बोट बुडवलं, चाटलं, थुंकली.

"खारट हाये वो. कोनाच्या कामाचा?"

मग तिने घरून आणलेलं लाकडी पात्र काढलं आणि रेती भरून लाटेत धरलं. नदीचं पाणी एकाच बाजूला जातं, लाट दोन्हीकडे ओढते. पात्र दोनदा हातातून निसटलं, पोरांनी पकडून आणलं. तिसऱ्यांदा तिला लाटेची चाल उमगली. तीन-चार हिसक्यांत काळी चकाकत वर आली. मावशीने बोट फिरवलं.

"मऊ हाये," ती म्हणाली. आणि मग, "सोना नाई येथी."

मॅडम तिच्या बाजूला ओल्या रेतीवर बसल्या होत्या, साडी भिजत होती.

"बाई, खरं सांग. आमच्या नाल्याचं येथवरी येते?"

"येते, मावशी," मॅडम म्हणाल्या. लगेच म्हणाल्या, जराही न थांबता. मी त्यांच्याकडे पाहिलं, तर त्या दुसरीकडे बघायला लागल्या.

निवृत्त झाल्यावर त्या दवनीवाड्याला भावाकडे राहायला गेल्या. आमच्याकडे पोरांची संख्या घटत गेली आणि माझी बदली ग्रंथालयात झाली. फोन व्हायचे. भेटू म्हणायचो.

मी त्यांना शेवटचं पाहिलं, ते त्या गेल्या त्याच्या दीड महिना आधी. झोपेतच गेल्या, कुणाला त्रास न देता. पण ते पुढचं. त्या दिवशी मी मेहुणीच्या मुलीच्या लग्नाला बसने चाललो होतो. दवनीवाड्याजवळ वैनगंगेच्या पुलावर समोरून धानाचे ट्रॅक्टर आले आणि बस थांबली. खिडकीतून खाली पाहिलं तर पात्रातल्या रेतीवर मॅडम बसलेल्या. डोक्यावर भावाचं पांढरं उपरणं, चपला काठावर काढून ठेवलेल्या. ना कुठला प्रबंध, ना कुणी नमुने मागितलेले. कपडे धुवायला आलेल्या चार बायका त्यांच्याभोवती गोळा झाल्या होत्या आणि मॅडम दोन्ही हातांनी हवेत काहीतरी मोठं, रुंद दाखवत होत्या. समुद्र असणार.

मी हाक मारली. एकदा, दोनदा. पुलावर इंजिनांचा गोंगाट होता. उतरावं असं वाटलं, पण मुहूर्त गाठायचा होता आणि आहेराची पेटी माझ्याच मांडीवर होती. बस सुटली.

लग्नाची जेवणं आटोपायला तीन वाजले. परतताना मी मुद्दाम त्या बाजूची खिडकी धरली. बस पुलावर आली तेव्हा पात्रात कुणी नव्हतं. जिथे त्या बसल्या होत्या तिथे रेतीत एक खळगा होता, हाताने उकरलेला, आणि त्यात खालून झिरपून स्वच्छ पाणी भरलं होतं. एक बगळा त्यातलं पाणी पीत होता.